खोकं फोडू नको

५ एप्रिल, रविवार

आज दुकानात अश्विनीचे अण्णा आले. खरंच आले. मी स्टुलावर चढून वरच्या रांगेतले टीव्ही पुसत होतो, खाली बघतो तर अण्णा. पडता पडता वाचलो.

वाटलं होतं मला ओळखत नसतील. "मागच्या गल्लीतला विक्रम ना तू? कॉलेज का सोडलं रं?" म्हणालो, घरची अडचण. एका पोरानं अश्विनीवर कॉमेंट मारली, मी त्याचं नाक फोडलं, सर म्हणाले माफी माग, मी नाय मागितली. हे काय होणाऱ्या सासऱ्याला पहिल्याच भेटीत सांगायचं?

त्रेचाळीस इंची दाखवला. मालकाच्या मागं लागून भाव पार खाली आणला, भिंतीचा स्टँड फुकट. चालवून दाखवायला खोक्याची पट्टी कापणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "खोकं फोडू नको. पॅकच राहू दे." आपल्याकडं गिऱ्हाईक चालवून बघितल्याशिवाय हात लावत नाय. म्हटलं, किती भरवसा माझ्यावर! रिक्षात मीच नेऊन ठेवलं, लेकरासारखं उचलून.

अश्विनीला मेसेज टाकला: तुमच्या हॉलमध्ये आजपासून माझा टीव्ही. निळी टिक आली. उत्तर नाय.

९ एप्रिल, गुरुवार

चार दिवस झाले, अश्विनी गप्प. फोन उचलत नाय. क्लासला दिसली नाय.

घरी आईची कटकट. पाडव्याला स्टाफ रेटनं आणलेला टीव्ही, अण्णांना दिला त्याच लॉटमधला. "ह्याच्यात माणसं मेल्यावाणी निळी दिसतात रं. आपला जुना डबा बरा होता." रंग कमी-जास्त करून बघितले. निळीची हिरवी झाली. खालच्या कोपऱ्यात पांढरा उजेड सांडतो, आवाज पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा. कंपनी कुठली म्हणून आईनं विचारलं. कंपनी कुठली सांगू? दिल्लीकडून कोरे पॅनेल येतात, गोडाऊनमध्ये नावाचं स्टिकर मीच चिकटवतो.

म्हणाली, "माझ्या हौशेचं वाटोळं केलंस." चिडलो. जेवलो नाय.

११ एप्रिल, शनिवार

कळलं.

क्लासच्या कोपऱ्यावर तिला गाठलं. मैत्रिणीला पुढं जा म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "माझं जमलंय विकी. गंगापूरचं स्थळ आहे. सुपारी फुटली. अधिक महिना लागायच्या आत उरकायचंय."

मी म्हणालो, आणि मी?

"तू काय? तू कुणाचं ऐकतोस? घरी तुझं नाव काढायची सोय ठेवलीस का? त्या नाकाचं अण्णांना पहिल्याच दिवशी कळलं होतं."

म्हणजे दुकानात विचारलं तेव्हा माहीत होतं. आणि मी घरची अडचण म्हणालो.

मग मला टीव्हीचं उमगलं. पॅकच राहू दे. रुखवतात मांडायला घेतलाय. गंगापूरच्या भिंतीवर लागणार. भाव मी पाडून दिला, स्टँड मी दिला, उचलून रिक्षात मी ठेवला.

हसायला आलं आधी. मग डोकं गेलं.

तिच्या गेटवर जाऊन जे ओरडलो ते लिहीत नाय. एकच लिहितो, कारण ते सगळ्या गल्लीनं ऐकलं: "कशी सुखानं नांदते बघतोच!" तिचा भाऊ सागर गच्चीवरून बघत होता. खाली आला नाय. नुसता बघत होता.

१९ एप्रिल, रविवार

अक्षय तृतीया. दुकानात गर्दी. दिवसभर तोच लॉट विकला, तोंडात शिव्या आणि वर "घ्या काकू, फ्रीजसुद्धा बघा."

दुपारी आईचा फोन. लवकर ये, काहीतरी जळतंय.

टीव्ही चालू होता. चित्र दिसत होतं, बाई रडत होती निळ्या तोंडानं. वास रबराचा. मागं हात घातला आणि झटकन काढला. मागचं प्लास्टिक मऊ पडलेलं, बोटाचा ठसा उमटला. भिंतीवर तळहाताएवढा काळा डाग. त्याच्याच शेजारी आईनं प्लास्टिकच्या फुलांचं तोरण लावलंय, त्याची दोन फुलं वितळून एक झालीत.

आई तिथंच बसलेली. म्हणाली, "मला वाटलं कुणाचं तरी दूध उतू गेलं."

२० एप्रिल, सोमवार

टीव्ही रफीकभाईकडं नेला. रफीकभाई आमच्याच दुकानाचे मेकॅनिक, मागच्या खोलीत बसतात. काम कमी, चहा जास्त. पान चघळत उघडला आणि चघळायचे थांबले.

"अब्बे, फ्यूज किधर है?"

जिथं फ्यूज पाहिजे तिथं नुसती तार. दोन्हीकडून डाग देऊन मोकळे झालेत. म्हणजे करंट जास्त आला तर उडायला काहीच नाय. तापत राहणार, तापत राहणार.

"टीव्ही नक्को बोल इसकू. चूल्हा है."

म्हटलं, लॉटमधले सगळे असेच? त्यांनी गोडाऊनमधला एक कोरा उघडला. तार. दुसरा. तार. तिसरा उघडायच्या आत मालक आले.

मालक म्हणाले, "तुझ्या घरचं वायरिंग जुनं आहे. व्होल्टेज खालीवर होतं." मी म्हणालो, लोकांना फोन करून परत मागवा. "लोकांना फोन कर आणि उद्यापासून येऊ नकोस." रफीकभाईंकडं बघितलं. ते पान थुंकायला बाहेर गेले.

तेव्हा तिचं नाव डोक्यात आलं. खरं सांगू, तेव्हाच आलं. एवढा वेळ मी माझ्या आईच्या टीव्हीचंच भांडत होतो.

पॅक खोकं. कुणी चालवून न बघितलेलं.

२१ एप्रिल, मंगळवार

अश्विनीनं मला ब्लॉक केलंय. दुसऱ्याच्या फोनवरून लावला. माझा आवाज ऐकून कट. तो नंबरपण ब्लॉक.

आई म्हणते, "सरळ जाऊन अण्णांना सांग. हात जोड. आवाज चढवू नको." आवाज चढवू नको, हे तीनदा म्हणाली.

२६ एप्रिल, रविवार

गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून.

दारात मांडवाचे बांबू येऊन पडलेत. अण्णा खुर्ची टाकून पत्रिकांवर नावं घालत होते. मी चप्पल गेटबाहेर काढली. म्हणालो, "अण्णा, तो टीव्ही लावू नका. त्यात दोष आहे. आग लागेल."

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "काय लागेल?"

"आग."

"माझ्या पोरीच्या घराला?"

असं नव्हतं म्हणायचं. असंच होतं, पण असं नव्हतं. तोवर सागर बाहेर आला. "त्या दिवशी म्हणाला होता बघतोच. आज सांगायला आला काय करणार ते!"

मी म्हणालो, बदलून देतो, दुसऱ्या कंपनीचा, चांगला. अण्णा म्हणाले, "तुझ्या हातचं? आणि त्यात तू काय भरून देशील?" मी म्हणालो, मग हाच उघडून दाखवतो, फ्यूजच्या जागी तार आहे. "खोक्याला हात लावायचा नाय," सागर म्हणाला. "तूच ठेवलंस ना रिक्षात? तूच घातली असंल तार."

तिथं मी शांत राहायला पाहिजे होतं.

सागरची कॉलर धरली. बांबूंवर पडलो दोघं. शेजारी धावले. ओठ फुटलाय माझा, त्याचं कोपर सोलवटलं. उठताना वर बघितलं. खिडकीत अश्विनी. तोंडावर ओढणी धरून.

जाताना अण्णा हळूच म्हणाले, ओरडून म्हणाले असते तर बरं होतं. "विक्रम, माझ्या लेकीला काही झालं, तर मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाय."

२ मे, शनिवार

सिल्लोडहून एकजण टीव्ही घेऊन आला. खोक्यात नव्हता, गोणपाटात होता. वरून काळा. खिडकीचा पडदा पेटला होता म्हणे, माणसं अंगणात होती म्हणून वाचली. मालकानं त्याला आत बोलावलं, कोल्ड्रिंक पाजलं, नवा दिला. दुसऱ्या लॉटचा. म्हणजे माहीत आहे त्याला.

गोणपाटाचा फोटो काढला मी. कुणाला पाठवू?

रफीकभाई म्हणाले, "पुलिस में जा." म्हटलं, सागरनं माझ्या नावानं आधीच तोंडी तक्रार दिलीय तिथं. लग्न होईपर्यंत गल्लीत दिसू नको म्हणून हवालदार आईला सांगून गेला.

"तो फिर तू आग का बोलेगा, तो वो आग तेरी."

हौ, म्हटलं.

८ मे, शुक्रवार

आज लागलं. लग्न म्हणायचंय.

आई नको नको म्हणत असताना गेलो. हवालदार वाढप्यांसोबत जेवत होता. बीड बायपासचं कार्यालय, मागच्या दारानं आचाऱ्यांच्या मधून शिरलो. रुखवत बाजूच्या हॉलमध्ये मांडलेलं. कपाट, मिक्सर, साखरेची तुळस, लोकरीचे मोर. मधोमध ते खोकं. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, लाल रिबीन. माझं स्टिकर रिबिनीखाली. जरा तिरकं लागलंय, तेव्हा घाईत होतो.

हॉलमध्ये कुणी नव्हतं. सगळे नवरदेवाला आणायला पुढच्या दारात.

एक लाथ. बस, एकच. पॅनेल काचेसारखं जातं, मला माहीत आहे, गोडाऊनमध्ये दोन फोडलेत हातातून. एका लाथेत तो टीव्ही कुणाच्याच भिंतीवर लागला नसता. पाय उचललासुद्धा.

तेवढ्यात बाया तिला घेऊन आल्या, रुखवत दाखवायला. मुंडावळ्या, हिरवा चुडा. आधी तिनं माझा पाय बघितला, मग मला. ओरडली नाय. बायांच्या मागं राहून दोन्ही हात जोडले. एवढेसे, छातीपाशी. चुडा वाजू नये म्हणून मनगटं दाबून.

तिला वाटलं मी तिचं लग्न मोडायला आलोय.

पाय खाली ठेवला. मागच्या दारानं आलो तसा गेलो.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं ताटावरचं झाकण काढलं. मग म्हणाली, "मारायची होतीस."

१८ मे, सोमवार

अधिक लागला. धोंड्याच्या जेवणाला जावई इकडं गारखेड्याला अण्णांकडं येणार, म्हणजे तीपण येईल. तेव्हा तिला एकटीला गाठून सांगायचं, आईला सोबत नेऊन. आई तयार आहे.

तोवर काही होऊ नये. आमच्याकडं आज दिवसभर लाईट कमी-जास्त, पंखा मध्येच रडतो. गंगापूरला काय हाल असतील.

२६ मे, मंगळवार

दुकानात फोन वाजला, मी उचलला. गंगापूरहून. स्टिकरवर दुकानाचा नंबर आहे.

आवाज चांगल्या माणसाचा वाटला, हे लिहून ठेवतो. "साहेब, टीव्ही तुमच्याकडचा आहे. माणसं निळी दिसतात. आणि मागून गरम होतोय हो. सासरवाडीचा आहे, म्हणून तिकडं बोलता येत नाय. बायको म्हणते राहू द्या, अण्णांना वाईट वाटंल. माणूस पाठवता का गुपचूप?"

म्हणालो, "आधी प्लग काढा. आत्ता."

"आत्ता आई बघतीय. त्याच्यासमोरच खाट आहे तिची, दिवसभर तेवढाच विरंगुळा."

"वास येतो का?"

"येतो जरासा. नवीन आहे म्हणून येत असंल." मग म्हणाला, "नाव काय तुमचं? मेकॅनिक आला की कुणाचं नाव सांगू?"

रफीक म्हणायचं होतं. राजू म्हणायचं होतं. तोंडातून विक्रम गेलं.

तिकडं नुसता टीव्हीचा आवाज. पत्र्याच्या पिंपातला.

"गारखेड्याचा विक्रम?"

"प्लग काढा हो. मग हव्या तेवढ्या शिव्या द्या."

"सागरनं सांगितलं होतं, तू काहीतरी काढून आडवा येशील. माझ्या घरात काय चालू ठेवायचं ते मी ठरवीन. आता तर बंदच करत नाय, बघू."

आणि मी आईवरून शिवी दिली. त्याची आई त्या खाटेवर बसलेली असताना. फोन कट. परत लावला, लागत नाय.

डोकं भिंतीवर आपटलं. मालकानं विचारलं काय झालं. म्हणालो, काही नाय, गिऱ्हाईक होतं.

२७ मे, बुधवार

जीप स्टँडवरून लिहितोय.

सकाळी शोरूममधला चांगल्या कंपनीचा त्रेचाळीस इंची काढला. ह्याचं खोकं फोडलं. तासभर चालवला, मागं हात लावला, थंड. माणसं माणसांसारखी दिसतात. मालकाला सांगितलं नाय. संध्याकाळपर्यंत कळेल, तोवर मी गंगापुरात असंन. मारतील. मारू दे. मार खात खात भिंतीवरचा काढायचा आणि हा लावायचा, एवढंच काम.

रफीकभाई येत नाहीत म्हणाले. "उसका मरद तेरेकू मारेगा, मैं कायकू खाऊँ?" पण टेस्टर दिला. पुढं येऊन खिशात घातला. "पहिले प्लग. बाद में मोहब्बत."

खोकं जीपच्या टपावर बांधताना ड्रायव्हरशी वाद झाला, आडवं ठेवू देईना. आवाज चढला माझा. तेवढ्यात फोन वाजून गेला, कळलं नाय.

आता बघतो तर अश्विनीचा नंबर. जुनाच. म्हणजे ब्लॉक काढला. लग्नानंतर पहिल्यांदा. लागोपाठ तीन मिस्ड कॉल.

लावला. रिंग गेली, उचलला नाय. परत लावला. बंद आहे म्हणते.

ड्रायव्हरला म्हणालो, सगळ्या सीटचे पैसे मी देतो, आत्ता काढ. तो आधीच्या भांडणानं फुगून बसलाय. म्हणतो, "दोन सवाऱ्या आल्या की निघू. तेवढ्यात कुठं आग लागलीय?"