दुसरी चिठ्ठी

पुणे,
२ जुलै २०२४

ती. रिताताईस,
अमरचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की बाबांना सगळं ऐकू जातं आणि तू ‘हं, हं’ करून ठेवून देतेस, म्हणून आपली जुनी रीत. मी मामांकडे शिकायला होतो तेव्हा माझ्या पत्रातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून तू तेच पत्र परत पाठवायचीस. याचंही तसं कर, पण आधी वाच.

इथं सगळं ठीक आहे. मेसचा भात चिकट असतो, आणि तक्रार केली की विदर्भातली माणसं फार चोखंदळ, असं ऐकवतात.

सोबत एक टॅब पाठवतोय. त्यात माझा गेम आहे, अजून बाजारात आलेला नाही. तीन वर्षं मी हाच लिहितोय. याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. म्हणजे गोळ्या झाडत सुटायचं नाही, एका माणसाचं जगणं अंगावर घ्यायचं. कुठं जायचं, कोणाशी खरं बोलायचं, कोणाला मागं सोडायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. असा गेम चांगला कधी, तर चित्रं देखणी असली म्हणून नाही. आपण जे निवडलं त्यानं पुढचं खरोखर बदललं पाहिजे. नुसता निवडीचा देखावा असेल तर खेळणारा शिव्या घालतो.

गाव आपलंच आहे, नाव बदललंय. तळं आहे, भाताच्या बांध्या आहेत, कोशाच्या रेशमाचे माग आहेत. एक भाऊ, एक बहीण. आणि तो चिठ्ठ्यांचा दिवसही आहे. मधुकरमामांच्या नागपूरच्या घरी एकाचीच सोय होती, तू बारावी झालेली, मी दहावी, आणि बाबांनी देवासमोर दोन चिठ्ठ्या ठेवून तुला उचलायला लावली. माझं नाव निघालं. हे गाळून गोष्ट होतच नव्हती, रागावू नकोस.

गेममधल्या बहिणीला तुझाच आवाज हवाय. आमच्या कंपनीच्या गुंजन मॅडमनी आठ मुलींचे आवाज ऐकवले, एकीलाही आपल्यासारखं ‘काहून’ म्हणता येत नाही. तू हो म्हण.

आईबाबांना नमस्कार. माया आहे तितकीच ठेव, जास्तीची मागत नाही.
तुझा,
अमर


आंधळगाव,
१९ जुलै २०२४

चि. अमरले अनेक आशीर्वाद.

टॅब मिळाला. धानाचा रोवणा चालू आहे. बाया दहा सांगतल्या होत्या, आल्या सहा, म्हणून मीच चिखलात उतरली. आईचे गुडघे ठणकतात, बाबाची तब्येत बरी आहे. तू ‘तुले’च्या जागी ‘तुला’ लिहायले लागला, तेवढी एक चूक लाल पेनानं दाखवून ठेवते.

दुपारी बांधावर बसून तुझा गेम खेळली. तळं मस्त केलं. पण बाप्पा, तुझी ती बहीण दिवसभर तळ्यावरच उभी राहते. भाऊ शाळेतून, बाजारातून कितीक वेळा गावात येते, आणि ती दोनच वाक्यं बोलते: जेवला का, आणि परत कधी येशीन. तिले दुसरं काम नाही? पोरायची ट्यूशन कोण घेते, धानाचे परे कोण उपटते, बाबाले गोळ्या कोण देते? हे मी हसत हसत लिहिणार होती.

मग तो चिठ्ठ्यांचा दिवस आला. बहिणीच्या हातानं मी चिठ्ठी उचलली, भावाचं नाव निघालं. बाप दुसरी चिठ्ठी चुलीकडे घेऊन चालला होता. मी सहज त्या चिठ्ठीवर बोट दाबलं. ती उघडली. तिच्यावरही भावाचंच नाव.

मशीनची गलती असन म्हणून तीनदा पहिल्यापासून खेळली. तीनही खेपा तेच. मग माझ्या ध्यानात आलं. आपल्या घरी दुसरी चिठ्ठी बाबानं चुलीत टाकली होती. ती कोणंच उघडून पाहिली नव्हती. मग तिच्यात काय होतं हे तुले कसं माहीत?

अमर, चौदा वर्षं मी माझ्या हाताले दोष दिला. डावीकडची उचलली असती त, हे भात शिजवताना मनात यायचं, फळ्यावर गणित लिहिताना यायचं. बाबानं तोंडावर सांगतलं असतं का पोट्टा जाईन, पोट्टी नाही, त मी तीन दिवस जेवली नसती. मामाले पत्र लिहिलं असतं, साऱ्या गावासमोर भांडली असती. पण देवानं काढलेल्या चिठ्ठीसंगं कोण भांडते? मी गपचूप तुझी पेटी भरून देली.

एकच विचारते, सरळ लिहिजो. त्या चिठ्ठ्या कोणं लिहिल्या होत्या?

वर आशीर्वाद लिहून बसली आहे, तो खोडत नाही.
रिता


पुणे,
३० जुलै २०२४

ती. ताईस,
नमस्कार लिहायला हात धजत नाही, पण रीत मोडवत नाही. सा. न. वि. वि.

मी लिहिल्या होत्या.

बाबांनी मला घरामागच्या वाडीत नेऊन सांगितलं, ‘दोन्हीवर तुझंच नाव लिही, रिताले वाईट वाटायले नको.’ मी सोळा वर्षांचा होतो आणि मला नागपूरला जायचं होतं. खूप जायचं होतं. बाबांनी भाग पाडलं असं लिहिता आलं असतं, पण ते खरं नाही. मी मन लावून सुवाच्य अक्षरात लिहिलं.

गेममध्ये ती चिठ्ठी उघडता येते, हे मी मुद्दाम ठेवलं. तुझ्यासमोर बसून सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. वाटलं, तुझ्या बोटानंच उघडेल आणि माझी सुटका होईल. हे लिहिताना लाज वाटते.

चिडलेली तू एकटी नाहीस. ज्यांना ज्यांना गेम तपासायला दिला त्या सगळ्यांनी लिहिलं की ही फसवणूक आहे. गुंजन मॅडम मीटिंगमध्ये म्हणाल्या, दोन्ही चिठ्ठ्या सारख्या असतील तर खेळणाऱ्याला उचलायला सांगायचं कशाला, असा गेम कोणी विकत घेणार नाही. त्यांचं बरोबर होतं. मी बदललं. आता दुसऱ्या चिठ्ठीवर बहिणीचं नाव आहे, आणि ते निघालं तर तीच जाते. टॅबला नेट लावलंस की नवा गेम आपोआप येईल. खेळून बघ, ताई. तुझं नाव निघतं.

आवाजाचं अजूनही विचारतो, रागावलीस तरी. शिव्या दे, मार, पण अबोला धरू नकोस.
अमर


आंधळगाव,
२४ ऑगस्ट २०२४

चि. अमर,

तुझं पत्र वाचून मी बाबाले विचारलं. जेवत होते. म्हणाले, तुले वाईट वाटू नये म्हणून केलं. मग म्हणाले, वरण वाढ. मी वाढलं.

मग तुझा नवा गेम खेळली. चार खेपा तुझंच नाव निघालं. पाचव्या खेपेस माझं निघालं. खोटं कायले सांगू, उठून दार लावून घेतलं. पोरीनं पेटी उचलली, आईच्या पाया पडली, एसटीत बसली. मोहाडी गेलं, भंडाऱ्याचा स्टँड आला. तिथं ती नागपूरच्या गाडीत चढली, आणि पडदा काळा झाला. लिहून आलं, ‘बहीण शिकायला गेली. कथा समाप्त.’

मी वाट पाहत बसली. मले वाटलं, नेट गेलं असन.

भावाच्या रस्त्यानं गेलं त कॉलेज आहे, होस्टेल आहे, दोस्त आहेत, पहिली नोकरी आहे, एक पोरगी पण आहे. पंधरा दिवस खेळलं तरी संपत नाही. बहिणीच्या वाट्याले दोन मिनिटांची एसटी. तू कामचुकार नाहीस, हे मी जाणते. तू लिहिलं नाही, कारण नागपूरले जाऊन मी काय होणार होती हे तुले माहीतच नाही. चौदा वर्षांत एकदाही विचारलं नाही. चिठ्ठी बदलली तू, चांगलं केलं. पुढं लिहायले तुझ्यापाशी काही नव्हतं.

हे वाचलं का तू लगेच विचारशीन, ताई, सांग नं, तुले काय व्हायचं होतं. तुझ्या मॅडमलेही ते पाहिजे असन. मी सांगणार नाही. आईले सांगतलं नव्हतं, कोणालेच नाही. त्या दिवशी चिठ्ठी उचलताना देवाले तेवढं म्हटलं होतं. आता तुले सांगतलं त तू ते मन लावून लिहिशीन, चित्रं काढून घेशीन, आणि तिकडचं कोणी पोट्टं सुटीच्या दिवशी गादीवर लोळत लोळत ते होऊन जाईन.

आवाज देत नाही. टॅब शेजारच्या भय्याजीच्या हाती परत पाठवते, ते येत्या आठवड्यात पुण्याले येऊन राहिले. पोळ्याले यायचं असन त ये, आई वाट पाहते. लोभ असू दे म्हणून शेवटी लिहायचं असते, ते या खेपेस लिहीत नाही.
रिता