झाडू अडकला त्या रविवारी

गुरु., ९ जाने.
प्र.दादा महिनाअखेर पुण्याला चालला. नोकरी पक्की. उमरखेडात प्रोग्रॅमर लोकांचा गट काढला त्यानेच. आता म्हणतो, "इरफान, तू चालवत असशील तर सांग. नाहीतर या रविवारची बैठक शेवटची समजू." रविवारनंतर सांगतो म्हटलं. रविवारचा विषय माझाच. झाडू. म्हणजे कोडमधल्या चुका झाडून काढणारं ते फुकट, सर्वांना खुलं टूल. गटात सगळे झाडूच म्हणतात. बैठक फसली तर दादाला उत्तर आपोआपच मिळेल.

शनि., ११
जागा आमच्या गॅरेजवरची खोली. खाली अब्बांची डेंटिंगची ठोकाठोक, त्यात कुणाला काय ऐकू जाणार? त्यात रविवार म्हणजे गिऱ्हाइकांचा दिवस. तरी अब्बा आपणहून म्हणाले, "दोपहर को हथौड़ा बंद रखता मैं. तू आराम से बोल."

रवि., १२
खोली भरली. वैशालीताई फुलसावंगीहून सकाळच्याच एस्टीने आली. माझ्या लॅपटॉपवर झाडू मस्त चालला. मग प्रत्येकाने आपापल्या सरावाच्या कामावर चालवला आणि एकेक करून सगळ्यांचा अडकला. प्र.दादा खिडकीबाहेर बघत बसला, ते जास्त लागलं.

मग वैशालीताई, "इरफानभाऊ, माह्या ऑफिसच्या कामावर चालून राह्यला हा. 'तूर'मधीच अटकून राह्यला."

'तूर' हे तिच्या सरावाच्या फोल्डरचं नाव; ऑफिसच्या फोल्डरचं इंग्रजी. प्र.दादाचा पहिल्या दिवसापासूनचा नियम: फोल्डरला आपल्या घरचं, मराठीतलं नाव देवनागरीतच द्यायचं, म्हणजे कामाची भीती वाटत नाही. कुणाचं 'गोठा', कुणाचं 'धुरा', म्हणजे शेताचा बांध. मी मात्र टूलसोबत आलेल्या इंग्रजी नमुन्यावर दाखवत होतो. झाडूला मराठी नावं वाचताच येत नव्हती.

कुणीतरी म्हणालं, नावं इंग्रजीत करा, विषय संपला.

ताई म्हणाली, "नावं काहून बदलाचे? झाडूलेच शिकवा ना."

मग काय, झाडूचं आतलं कोड उघडलं आणि सगळे एका स्क्रीनवर ओणवे. प्र.दादा सगळ्यात पुढे. दिवेलागणीला झाडू 'तूर'वर चालला. खाली आलो तर अब्बा तसेच बसलेले, दुरुस्तीला आलेल्या जीपचा दरवाजा तसाच चेपलेला. जीपवाला चिडून गेला होता. अब्बांनी फक्त विचारलं, "हो गया बोलके?"

सोम., १३
दुरुस्ती झाडू बनवणाऱ्या मूळ लोकांकडे पाठवली. पाठवणाऱ्याच्या जागी माझं एकट्याचं नाव घालवेना. 'उमरखेडची मंडळी' लिहिलं.

गुरु., १६
त्यांचं उत्तर! आभार मानलेत. पण लगेच घेणार नाहीत, आणखी तपासायचंय, नावांचे नमुने पाठवा म्हणतात. गटावर टाकलं. ताईने अख्ख्या शिवारातली नावं पाठवली. ही माणसं मला मिळाली हे केवढं भाग्य. पण दादा गेल्यावर यांना जमवणार कोण...

शनि., १८
दुरुस्तीचं अजून काही कळलं नाही. उद्या बैठकीला कोण येईल तेही नक्की नाही.

जेवताना अब्बा, "कल भी बंद रखूं क्या?"

जीपचा दरवाजा आठवला. तरी "हां" म्हणालो.

मग दादालाही 'हो, चालवतो' कळवलं.