सात कोच आणि एक शिट्टी

मी, नरहर माधवराव निस्ताने, वय ७१, सेवानिवृत्त क्रीडाशिक्षक, राहणार आर्वी, जिल्हा वर्धा, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. बिघडलं आहे ते हृदय, आणि मृत्युपत्र करायला हृदय चांगलं लागतं असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. एकाहत्तर वर्षांत कोणाला जमला नाही, तो आता काय जमणार? यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच शेवटचं.

वकीलसाहेब म्हणाले, "सर, थोडक्यात लिहा." मी म्हटलं, मरण माझं, मृत्युपत्र माझं, तुम्ही फक्त शुद्धलेखन पाहा.

कलम १. आर्वीतलं राहतं घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझ्यामागे ते पत्नी सौ. मीरा हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिच्यानंतर मुलगा सुमीत आणि मुलगी नमिता यांना निम्मं निम्मं. लग्न झालेल्या मुलीला निम्मं कशाला, असं विचारायला कोणी नातेवाईक आलेच, तर मीराने त्यांना चहासुद्धा देऊ नये.

सुमीतच्या वाट्याला मी अट घातलेली नाही. घालणार होतो. "आधी रग्बीच्या रेफरीची परीक्षा पास हो, मग घर घे," असं कच्च्या मसुद्यात लिहिलंही होतं. मीराने वाचलं आणि कागद माझ्यासमोर आपटला. "पोराले घराची लालूच दाखवून शिट्टी वाजवाले लावता काय? लाज नाई वाटत?" वाटली. अट काढली.

कलम २. घराची समोरची खोली मात्र माझ्या मृत्यूनंतर दहा वर्षं दर रविवारी सकाळी रेफरींच्या वर्गासाठी मोकळी ठेवावी. खेळाडू, माजी खेळाडू, कोच, कोणीही यावं. ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. अंड्यासारखा चेंडू हातात घेऊन पळायचं, पास फक्त मागे द्यायचा, आणि समोरच्या टोकाच्या रेषेवर किंवा रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवायचा. त्याला ट्राय म्हणतात, त्याचे पाच गुण. "रेषेवर" हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. कारण खाली येतं आहे.

कलम ३. ही माझी चूक. ती कोणाच्या नावे करता येत नाही, म्हणून इथं नोंदवून ठेवतो.

मी सव्वीस वर्षं कबड्डीचा पंच होतो. कबड्डीत बोनसची रेषा ओलांडावी लागते, पाय रेषेवर असला तर गुण नाही. ही सवय डोळ्यात अशी बसली की झोपेतसुद्धा जाणार नाही. पुढे, मी निवृत्त झाल्यावर, जिल्ह्यातल्या शाळांत रग्बी आलं. या खेळात रेफरीशी फक्त कर्णधार बोलतो, बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. कबड्डीत सात खेळाडू, दोन सरपंच आणि अख्खा गाव अंगावर घेतलेल्या माणसाला याहून मोठं सुख नाही. मी शिट्टी घेतली आणि जिल्ह्यातला एकमेव रेफरी झालो.

डिसेंबर २०२१. मुलींचा जिल्हा अंतिम सामना. आर्वी दहा, समोरचा संघ चौदा, शेवटचं मिनिट. आर्वीची गुंजन चांडक कडेने सुटली, तिघींना चुकवलं आणि पडता पडता चेंडू टेकवला. बरोबर फक्कीच्या पांढऱ्या पट्ट्यावर. मी दोन पावलांवर होतो. मला स्वच्छ दिसलं. आणि मी मान हलवली, नाही. ओलांडली नाही! कबड्डीचा पंच जागा झाला होता. पोरगी तशीच पडून माझ्याकडे पाहत राहिली. आर्वी हरली, विभागाला दुसऱ्या पोरी गेल्या.

आर्वीचा कोच माझा मुलगा सुमीत. तो मैदानाबाहेरून ओरडला, "आंधळा झाला का बे म्हाताऱ्या!" सगळ्यांनी ऐकलं, त्याच्या आईनेसुद्धा. तेव्हापासून आम्ही बापलेक एका छताखाली राहून मीरामार्फत बोलतो.

घरी येऊन नियमांचं पुस्तक उघडलं. रेषा म्हणजे पलीकडचीच जागा, रेषेवर टेकला तरी ट्राय. हे मी दहादा वाचलेलं होतं, तरी चुकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंजनच्या वडिलांच्या, भूपेंद्र चांडकांच्या कापडाच्या दुकानात गेलो. ती तिथंच होती. गिऱ्हाइकांसमोर तिला सांगितलं, "पोरी, तो ट्राय होता. चूक माझी." गुंजन म्हणाली, "सर, तुम्ही सांगाले आले हेच लय झालं. आता मले ते पुस्तक शिकवा. पुढच्या पोरीचा तरी जाऊ नये."

ती शिकली. आज जिल्ह्यातली दुसरी रेफरी ती आहे. माझी निळी स्कूटर आणि नियमांचं पुस्तक मी गुंजन भूपेंद्र चांडक हिला देतो. स्कूटरला दुसऱ्या गिअरमध्ये दम लागतो, तेवढं सांभाळून घ्यावं. पुस्तकात मी जिथं जिथं चुकलो तिथं लाल रेघा आहेत. त्या पुसू नयेत.

कलम ४. आता कोच लोकांसाठी. याला मालमत्ता म्हणत नाहीत असं वकील म्हणतात. म्हणू देत.

गेल्या डिसेंबरात मी दवाखान्यात नळ्या लावून पडलो होतो आणि गुंजन परीक्षेला अमरावतीला होती. त्या दिवशी मुलींचे सामने होते. आंजी (मोठी) गावच्या शिक्षिका मंजुषा मॅडम पहाटेपासून पोरी गोळा करून एसटीने घेऊन आल्या. मैदानावर फक्की मारलेली, झेंडे लावलेले. आणि रेफरी नाही! सात कोच हजर होते. सात! नियम सगळ्यांना पाठ, कारण दर वर्षी बाहेरून मला तेच सांगतात. एकानेही शिट्टी घेतली नाही. एकाचा गुडघा दुखत होता, एकाला "अपने ही बच्चों का मॅच" म्हणून जमत नव्हतं, आणि माझे चिरंजीव म्हणाले, "मी कोच आहो. शिव्या खायले रेफरी काऊन बनू?" सामने रद्द. आंजीच्या पोरी न खेळता परत गेल्या. संघटनेने लेखी कळवलं आहे की येत्या हंगामात किमान चार रेफरी नसतील तर वर्धा जिल्ह्याला स्पर्धाच मिळणार नाही. माझ्यानंतर उरते एक.

म्हणून जाहीर सांगतो. मी चुकलो, अख्ख्या जिल्ह्यासमोर चुकलो, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा शिट्टी घेऊन उभा राहिलो. तुमच्यापैकी कोण राहिलं? एक हंगाम आत उभे राहा. तीस जीव एकावर एक पडलेले, त्यात चेंडू कोणाच्या हाताखाली आहे ते पाहा, मग माझ्या डोळ्यांबद्दल बोला. आणि खेळाडूंनो, गुडघा गेला, वय झालं, संघात नंबर लागत नाही म्हणून घरी बसू नका. मैदानावरची सगळ्यात जवळची जागा रेफरीचीच असते. मी एकसष्टव्या वर्षी शिकलो. तुम्हाला काय धाड भरली आहे?

कलम ५. पोस्टातल्या ठेवीच्या व्याजातून रेफरीच्या परीक्षेला बसणाऱ्याची फी आणि एसटीचं भाडं द्यावं. मुद्दल मीराचं. या मृत्युपत्राची व्यवस्था नमिता पाहील. ती वर्ध्याला कचेरीत आहे, कागद तिच्या हातून हरवत नाही.

कलम ६. माझी शिट्टी सुमीतला. वापरायची सक्ती नाही. पण त्याने ती कपाटात ठेवली, तर मीराने काढून घेऊन रविवारच्या वर्गाला सगळ्यात आधी येणाऱ्या पोरीच्या गळ्यात घालावी.

कलम ७. अंत्यविधी. जेवणावळी नकोत. शोकसभा नको, तिथं तेच सात जण माझ्याबद्दल चांगलं बोलतील आणि ते मला सहन होणार नाही.

माझ्या मृत्यूमुळे कुठलाही सामना रद्द होऊ नये. मी गेलो त्या दिवशी सामना असेल आणि रेफरी कमी पडत असेल, तर काय करायचं ते मीरा आणि नमिता दोघींशी बोलून ठरवलं आहे. मीरा आधी रडली, मग म्हणाली, "तुमचं काई खरं नाई, पण लिहा." नमिता म्हणाली, "बाबा, मी करतो सगळं. तुम्ही काळजी नका करू." तेव्हा गावाने काय म्हणायचं ते म्हणावं. पोरी एसटीने आलेल्या असतील, त्यांना परत पाठवायचं नाही. सुमीत, हे मी मीरामार्फत नाही, सरळ तुला सांगतो आहे. तू मैदानावर जा. अग्नी नमिता देईल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

स्थळ : आर्वी, जि. वर्धा
दिनांक : १९ जानेवारी २०२५

(सही) नरहर माधवराव निस्ताने

नरहर निस्ताने यांनी आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत सह्या केल्या :

१. (सही) चंद्रभान किसनराव ढोक, निवृत्त एसटी वाहक, आर्वी
२. (सही) मंजुषा प्रभाकर उमाटे, शिक्षिका, आंजी (मोठी)