संपत नाही, बंदही होत नाही

२ डिसेंबर २०२४

अडकलं! तिसऱ्यांदा. एरर नाही, काही नाही. कर्सर लुकलुकतोय आणि मी त्याच्याकडे बघत बसले आहे.

सकाळी लालसूभाऊ कुरखेड्याहून पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडे मूलला आले. त्यांच्या गावच्या जंगलातल्या जागांचे फोटो — एक हजार नऊशे बारा. जागेचं नाव हेच फाइलचं नाव. आणि नावं तरी कशी! ‘अस्वल पाणी प्यायला येते तो झरा’. ‘ठमाबाईची म्हैस हरवली होती तो नाला’. गावातल्या म्हाताऱ्या केसरबाईंनी दोन हिवाळे जंगलात फिरून ती सांगितली. भाऊंनी गोंडीतून मराठीत करून जागच्या जागी मोबाइलवर टाकली. वहीत काही नाही. वीस तारखेला वनहक्काची सुनावणी आहे, तिथे हीच यादी मांडायची. जंगल आपलं आहे हे सांगायला गावाकडे दुसरं काही नाही.

हे सगळं सांभाळायला सॉफ्टवेअर मीच बसवून दिलं. फुकटचं आहे, जगभरचे लोक मिळून बनवतात, मीही अधूनमधून हात लावते. केलेला प्रत्येक बदल ते नोंदवून ठेवतं. “मागचं काही म्हणजे काही हरवत नाही, भाऊ,” असं छातीठोक सांगितलं होतं. आता तेच नोंद करताना अडकतंय. त्यांच्याकडे आणि माझ्याकडेही.

एक कॉपी काढून घेते म्हटलं. “नाई रोशनीताई. ग्रामसभेचा ठराव आहे. सुनावणी होईपर्यंत नावं गावाबाहेर कोनापाशी राहाची नाई.” मग पेनड्राइव्हवरूनच चालवलं. अडकलं तसाच पेनड्राइव्ह उपसून त्यांच्या हातात दिला, बस सुटायची होती.

जुना लॅपटॉप अडकलेला तसाच ठेवलाय. आत काय चाललंय ते बघता येतं. फक्त बॅटरी केव्हाच मेली आहे, वीज गेली की तोही गेला.

३ डिसेंबर

बाबांनी दोनदा बोर्डाच्या बटणाला हात घातला. बाहेर पडताना सगळी बटणं बंद करायची — राइस मिलमधली वीस वर्षांची सवय.

“रिकामी मशीन काऊन चालू ठेवून राह्यली?”

चालू नाही बाबा, अडकली आहे.

“मंग बंद कर ना.”

बोर्डावर कागद चिकटवला. हात लावू नका. वायरला इन्व्हर्टरही जोडला.

आत डोकावले. दोन प्रोसेस आहेत. पहिली नावांची यादी दुसरीला पाठवते, दुसरी एकेक नाव तपासून उत्तर देते. दोघी जिवंत. दोघी थांबलेल्या. कशासाठी ते मला कळत नाही. दोन तास बघितलं, तरी नाही.

५ डिसेंबर

मेंटेनरला लिहिलं होतं. कोणाची दुरुस्ती घ्यायची ते ठरवणारा माणूस, तिकडे फिनलंडला असतो. त्याचं उत्तर: दोन हजार फाइल्स घेऊन बघितलं, तीन सेकंदांत झालं, तुझाच संगणक तपास. सभ्य शब्दांत, पण अर्थ तोच. राग आला. मग वाटलं, खरंच माझंच काही चुकत असेल का?

माझा कॉम्प्युटरचा क्लास सुरू असताना लालसूभाऊंचा फोन. “का करू, ताई? अडकूनच राह्यलं.” मुली समोर ताटकळत होत्या. तोंडाला आलं ते सांगून ठेवला.

९ डिसेंबर

भाऊंचा मेसेज — “चालू झालं ताई. आता काही प्रॉब्लेम नाई.”

कसं? मी तर काहीच दुरुस्त केलेलं नाही! मेंटेनरने तक्रार बंदही करून टाकली. आपोआप बरं झालेलं दुखणं मला आवडत नाही. ते फक्त दबा धरून बसलेलं असतं.

१२ डिसेंबर

सापडलं. सापडलं!

मेंटेनरसारखी दोन हजार खोटी नावं बनवली. इंग्रजी, आखूड — धावलं. मग भाऊंसारखी लांबलचक मराठी बनवली — ठप्प. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट खातं, मराठीचं तीन. दोन प्रोसेसमधल्या नळीत पासष्ट हजार बाइट मावतात. पहिली प्रोसेस म्हणते, आधी सगळी यादी देते, मग उत्तरं घेते. दुसरीची उत्तरं कोणी उचलतच नाही. उत्तरांची नळी तुंबते, दुसरी पुढची नावं घेणं थांबवते, मग पहिलीही थांबते. दोघी एकमेकींची वाट बघत बसतात, जन्मभर.

बाबांना सांगितलं. ते जेवता जेवता म्हणाले, “तांदूळ उचलाले मानूस नसन तं मिल जामच होनार. मले पह्यलेच विचाराचं ना.”

देता देता घेत जायचं, एवढीच दुरुस्ती. चौदा ओळी. पाठवल्या.

१५ डिसेंबर

दुरुस्ती घेतली! मेंटेनरने चक्क माफी मागितली. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लागलं, मूलच्या रोशनीचं. पेढे आणायला निघाले आणि दारातच थबकले.

मराठी लांब नावांनी अडकतं. दुरुस्ती तर आज झाली. मग भाऊंचं नऊ तारखेलाच कसं चाललं?

फोन लावला.

“तुमीच तं म्हनलं होतं ना ताई, नावाच्या जागी नंबर देऊन पाहा. ओळीनं नंबर टाकले. एक ते एकोनीसशे बारा.”

जुनं फोल्डर?

“ते अडके म्हनून डिलीट मारलं. नवीन बनवलं. मोबाइल न् पेनड्राइव्हवरबी नवीनच आहे.” मग म्हणाले, “मागचं हरवत नाई म्हनलं होतं तुमी.”

नवीन फोल्डरला मागचं नसतं, हे मी सांगितलंच नव्हतं. चारशे सतरा नंबरवर एक दगड आहे. कोणता दगड? सुनावणीला पाच दिवस. केसरबाईंचा गुडघा गेलाय, दोन हिवाळ्यांची वाट त्या पाच दिवसांत कशी चालणार?

पेढे आणले नाहीत. खूप रडले. मी त्यांचं जंगल पुसलं.

१६ डिसेंबर

सकाळी बाबांनी बोर्डावरचा कागद काढला. “झालं ना तुयं काम? करू बंद?” बोट बटणावर होतं. मी अशी ओरडले की त्यांच्या हातातला डबा पडला.

अडकलेल्या लॅपटॉपमधल्या पहिल्या प्रोसेसने दोन तारखेपासून अख्खी यादी तशीच धरून ठेवली होती. द्यायची राहिली म्हणून. एक हजार नऊशे बारा, भाऊंनी नंबर टाकले त्याच ओळीनं. सगळी उतरवली. चारशे सतरा — ‘केसरबाईची आई दम घ्यायला बसे तो दगड’.

नावं गावाबाहेर राहायची नव्हती. चौदा दिवस माझ्या घरात होती. उद्या पहिल्या बसने कुरखेडा. ग्रामसभेपुढे हे मीच सांगणार आहे.