राबासारखी तोडलेली धायटी

सखीस, देवरामकडून.

मी बरा हाय. पाय दुखतात, पण दोन-दोन शिफ्ट केल्यावर दुखणारच. तुझा खोकला थांबला का? पोरी शाळेत जातात ना?

इथं पूर्ण्याला गोदामासमोर मधमाश्यांसाठी बाग करायची ठरली, तेव्हा साहेबांना रानातली झाडं हवी होती. म्हणून तू धायटीचं रोप ओल्या फडक्यात बांधून दिलंस. तीन वर्षं मी तिला पाणी घातलं. यंदा ती पहिल्यांदा फुलणार होती.

मागच्या पत्रात फुलली म्हणून लिहिलं, ते खोटं हाय. पौषात एका सकाळी ड्युटी संपत आली होती, डोळ्यांवर झोप होती, बागेतलं गवत काढायला हातात कोयता होता. गावाकडं भाताचा वाफा भाजायला राब तोडतो, तशी मी तिची फांदी न् फांदी तोडली. भारा बांधून झाल्यावर ध्यानात आलं, की इथं वाफाच न्हाय. चहूकडं सिमेंट हाय.

मधमाश्या येतात, दोन घिरट्या घालतात आणि जातात. ते मला बघवत न्हाय.

बुंध्याला फूट आलीय, मरायची न्हाय ती.

होळीला सुट्टी मिळाली न्हाय. आपल्या बांधावरची एखादी धायटी राबातून वाचली असेल, तर पोरींना तिची फुलं चोखायला ने आणि मला कळव. वाचली नसेल, तर तसंच लिही. माझ्यासारखं लिहू नको.

देवराम