आकाशपाळण्यापुढील रांग मंद हंगामातही कायम ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
अभ्यागत व्यवस्था विभाग,
मनोरंजन उद्यान.

विषय : आकाशपाळण्यापुढील कठडे न काढण्याबाबत, व शक्य झाल्यास कठड्यांमध्ये रांग उपलब्ध करून देण्याबाबत.

संदर्भ : १) कठडे काढण्याविषयीची आपली सूचना.
२) सुरक्षाप्रमुखांनी अर्जदारास जिन्यात दिलेली तोंडी समज.

महोदय,

१. आकाशपाळण्याच्या रांगेसाठी लावलेल्या लोखंडी कठड्याचा निळा रंग सगळीकडे सारखा झिजलेला नाही. पहिल्या दोन वळणांवर तो वरच्या कडेने पातळ झाला आहे, कारण तिथे लोक हात घासत पुढे सरकतात. तिसऱ्या वळणावर मात्र तळहाताएवढा एक तुकडा पार उघडा पडला असून त्याच्या कडा स्पष्ट आहेत. चालत्या हाताने अशी झीज होत नाही, एकाच जागी टेकून ठेवलेल्या हाताने होते. तो हात अर्जदाराच्या सासऱ्यांचा आहे. सदर अर्ज त्या जागेबाबत आहे.

२. अर्जदार या उद्यानात गर्दीचा अंदाज काढण्याच्या कामावर आहे. शिक्षण संख्याशास्त्राचे झाले आहे. मागील वर्षांची तिकीटविक्री, शाळांच्या सुट्ट्या, परीक्षांची वेळापत्रके आणि हवामान पाहून उद्या किती माणसे येतील ते आज सांगायचे, आणि त्याप्रमाणे प्रवेशद्वारावरच्या फलकाला हिरवा, पिवळा किंवा तांबडा रंग द्यायचा, एवढेच काम. अंदाज सहसा चुकत नाही. चुकतो तेव्हा फलकामुळेच चुकतो. हिरवा रंग दिसला की "आज गर्दी नाही" असे एकमेकांना कळवत सगळे एकाच दिवशी येतात, आणि दुपारपर्यंत हिरव्या फलकाखाली पाय ठेवायला जागा उरत नाही. यावर उपाय सापडलेला नाही.

३. वर्षभरात गर्दी साधारण अशी चढते-उतरते. उन्हाळ्याच्या सुट्टीत फलक तांबडाच असतो. पाळण्याची फेरी चटकन संपते, पण तिच्यासाठी उभे राहण्यात दुपार जाते, आणि मुलांच्या हातातले आइस्क्रीम पाळण्यात बसण्याआधीच कोपरापर्यंत पोचते. पावसाळ्यात उघडे पाळणे वारंवार थांबवावे लागतात. आठवडाभर कोणी फिरकत नाही आणि पहिल्याच कोरड्या रविवारी सगळे शहर लोटते. थंडीत सकाळी जोडपी येतात, दुपारी ऊन शोधत म्हातारी माणसे. थंडी सरली की परीक्षा येतात, आणि तेव्हापासून सुट्टी लागेपर्यंतचा काळ वर्षातला सर्वांत मंद. त्या काळात पाळण्यापुढे रांगच नसते. इतर सर्वांसाठी ही चांगली बातमी आहे.

४. अर्जदाराचे सासरे निवृत्त होईपर्यंत याच पाळण्यावर रांग सांभाळण्याच्या कामावर होते. जुने कर्मचारी त्यांना रांगकाका म्हणतात. मध्येच घुसणे आणि मागून येणाऱ्यासाठी जागा धरून ठेवणे, हे दोन गुन्हे त्यांनी कधी कोणाला माफ केले नाहीत. एका बड्या साहेबांच्या पाहुण्यांना "साहेब त्यांच्या खुर्चीत. रांगेत सगळी माणसंच," असे सांगून शेवटी नेऊन उभे केल्याची गोष्ट उपाहारगृहात अजून रंगवून सांगितली जाते.

५. त्यांचा मुलगा, म्हणजे अर्जदाराचे पती, यांत्रिक विभागात होते. दिवसाची शेवटची फेरी रिकामी फिरवून पाळणा तपासायचा, असा नियम आहे. ती फेरी बापलेक मिळून करत. मुलगा यंत्राचा आवाज ऐकायला बसे, बाप नुसताच बसे. कर्मचाऱ्यांसाठी बाजूचे दार आहे, पण सासऱ्यांनी मुलाला त्या दाराने कधी येऊ दिले नाही. पाळी सुटली की पती तेलकट कपड्यांनिशी, हातात पाना घेऊन, शेवटच्या गिऱ्हाइकाच्या मागे रांगेत उभे राहत आणि सगळी वळणे घेऊन वर येत. अर्जदाराने त्यांना पहिल्यांदा पाहिले ते याच रांगेत. ती मोजणीसाठी आली होती. त्यांनी विचारले होते, "मॅडम, मला मोजलंत का?" मोजले होते.

६. पती दोन पावसाळ्यांपूर्वी रस्त्यावरील अपघातात गेले. उद्यानाचा त्याच्याशी काही संबंध नाही व त्याबाबत कोणतीही मागणी नाही. रजा संपताच अर्जदार कामावर रुजू झाली. त्या आठवड्याचे सर्व अंदाज बरोबर आले.

७. सासरे त्या वेळी पक्षाघाताचा झटका येऊन रुग्णालयात होते. डॉक्टर म्हणाले, इतक्यात धक्का नको. धाकटी नणंद लांब राहते. ती फोनवर म्हणाली, "वहिनी, बाबा घरी आले की सांगू." घरी आल्यावर म्हणाली, "जरा चालू लागू देत." ते चालू लागले तेव्हा सुट्टीचा हंगाम होता आणि अर्जदारास मान वर करायला फुरसत नव्हती. हंगाम ओसरला तेव्हा पावसाळा लागला. दिवसभर घरात कोंडून बसलेल्या माणसाला असे काही सांगणे बरे वाटेना. मग थंडी आली, थंडीत त्यांचे हातपाय आखडतात. "वहिनी, तुमच्याकडे सांगण्याजोगा एकही हंगाम नाही का गं?" असे नणंदेने एकदा विचारले. त्यावर दोघीही थोडा वेळ हसल्या. मग तिने विचारले, "तू रडलीस का कधी?" अर्जदाराने वाक्य ऐकू आले नसल्याचे सांगितले.

८. झटक्यानंतर सासऱ्यांचा दिवस-महिन्यांचा मेळ सुटला आहे. सकाळी काय खाल्ले ते संध्याकाळी आठवत नाही, पण मुलाची पाळी कधी सुटते ते पक्के आठवते. त्या सुमारास ते विचारत, "अजून कसा आला नाही?" अर्जदार सांगे, "आज फलक तांबडा आहे, बाबा. गर्दीत अडकला असेल." हे त्यांना पटे. गर्दी म्हणजे काय ते त्यांना कोणी शिकवायला नको. पुढे ते स्वतःच येऊ लागले. कर्मचारी वसाहत मागच्या दाराला लागून आहे, त्यामुळे त्यांना अडवायचे तरी कोणी. येतात, रांगेत शिरतात आणि तिसऱ्या वळणावर कठड्याला हात लावून थांबतात. मागच्या लोकांना म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे. आमचा येतोय."

जागा धरून ठेवण्यास मनाई असल्याचे एका मुलीने त्यांना पाटीवरून वाचून दाखवले. त्यांनी ते मान्य केले आणि तिलाही पुढे जायला सांगितले. तिने विचारले, "आजोबा, तुम्ही रांगेत आहात की नुसतेच उभे आहात?" ते म्हणाले, "रांगेतला माणूस नुसताच उभा असतो, बाळा."

९. रांग असते तोवर हे चालते. मागील मंद हंगामात मात्र रांग नव्हती. सासरे आत शिरले ते सरळ पाळण्याच्या दाराशी पोचले. पाळणाचालक भला माणूस आहे. तो म्हणाला, "काका, बसा ना. सगळा पाळणा तुमचाच आहे." त्यांनी विचारले, "माझ्या मागे कोण आहे?" तो म्हणाला, "कोणी नाही." तेव्हा ते परत फिरले आणि पहिल्या वळणापासून पुन्हा आले, या वेळी हळू. दाराशी पोचून पुन्हा मागे गेले. असे संध्याकाळपर्यंत चालले. घरी आल्यावर त्यांनी विचारले, "आज तर गर्दी नव्हती. मग तो का नाही आला?" ते न जेवता झोपले, आणि नंतरही हंगामभर ताटावरून तसेच उठत राहिले. सुट्टी लागली, फलक तांबडा झाला, तेव्हा कुठे अन्न पोटात जाऊ लागले. आणखी एक असा हंगाम त्यांना झेपणार नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

१०. आता आपल्या सूचनेनुसार मंद हंगामापुरते कठडे काढून प्रवेशापासून पाळण्यापर्यंत सरळ वाट करायची आहे. म्हणजे हळू चालायलासुद्धा वळणे उरणार नाहीत. या सूचनेमागे ज्या शिफारशीचा आधार आहे, तिच्याखाली अर्जदाराचीच सही आहे. आकडे पाहता शिफारस योग्य आहे. तरीही पुढील विनंत्या करण्यात येत आहेत :

(अ) कठडे आहेत तसे ठेवावेत. सर्व ठेवणे शक्य नसल्यास निदान तिसरे वळण ठेवावे.

(आ) पाळी सुटलेल्या कर्मचाऱ्यांनी घरी जाण्यापूर्वी थोडा वेळ रांगेत उभे राहावे. याबाबत सुरक्षाप्रमुखांना विचारले असता ते म्हणाले, "अहो बाई, माझी माणसं दिवसभर रांगा हाकून विटलेली. आता घरी जाताना त्यांनाच रांगेत उभं करू?" त्यांचे म्हणणे रास्त आहे. तथापि दोघे जण तयार आहेत. तिसऱ्याला उंचीची भीती वाटते, परंतु पाळण्यापर्यंत पोचायचेच नाही असे समजावल्यावर तोही तयार झाला.

(इ) वरील जमत नसल्यास प्रवेशद्वारावर "आज अजिबात गर्दी नाही" असे मोठ्या अक्षरांत लावण्याची परवानगी मिळावी. परिच्छेद २ मध्ये सांगितल्याप्रमाणे हे वाचून लोक येतील. मजकूर लावताना खरा असेल, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न येत नाही.

(ई) तेही जमत नसल्यास जुन्या भूतबंगल्याचे कापडी पुतळे गोदामात पडून आहेत, ते पाठमोरे करून रांगेत ठेवावेत. ते पुढे सरकत नाहीत, ही या कामासाठी त्यांची जमेची बाजू आहे.

११. हा अर्ज पूर्ण होण्याआधीच त्याला जावक क्रमांक पडला आहे. टपाल पाहणारे लिपिक विषय वाचून म्हणाले, "ताई, रांग नको म्हणून रोज अर्ज येतात. रांग हवी म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." आणि पाठवायचे राहून जाईल म्हणून त्यांनी शिक्का आधीच मारून दिला. एकदा पडलेला क्रमांक मोकळा सोडता येत नाही. म्हणून पुढील परिच्छेद लिहिणे भाग आहे.

१२. वरील मजकूर लिहून होत असतानाच कठडे काढण्याचे काम सुरू झाले. सूचनेत उद्याचा दिवस होता, परंतु कामगार आज मोकळे होते. मुकादमाचा फोन आला : "मॅडम, रांगकाका हात काढत नाहीत. आम्ही थांबलोय, पण किती थांबायचं ते सांगा." अर्जदार खाली गेली तेव्हा हा अर्ज हातातच होता. पहिल्या दोन वळणांचे नळ जमिनीवर ओळीने मांडलेले होते, चौथ्या-पाचव्याचेही. मध्ये फक्त तिसरे वळण उभे होते, मागे-पुढे कशालाही न जोडलेले. सासरे त्याला धरून होते. एक कामगार पाना घेऊन बाजूला, मुद्दाम दुसरीकडे पाहत उभा होता. पाळणाचालकाने पाळण्याचे दार उघडून धरले होते.

सासऱ्यांनी आधी मुकादमाला विचारले, "हे कोणाच्या हुकमाने काढताय?" त्याने अर्जदाराकडे पाहिले. सासऱ्यांनीही पाहिले. मग म्हणाले, "बरं केलंस. आता अडकायला काही उरलं नाही. सांग बघू, कधी येतोय तो?"

प्रवेशद्वारावरचा फलक तिथून दिसतो. तो हिरवा होता. सकाळी अर्जदारानेच केला होता. त्या वेळी अर्जदारास काही विशेष वाटले, असे म्हणता येणार नाही. हातातला कागद ओला झालेला मागाहून दिसला. परिच्छेद ९ मधील शाई त्यामुळे पसरली आहे, त्याबद्दल क्षमस्व.

१३. सबब (अ) ते (ई) या चारही विनंत्या मागे घेण्यात येत आहेत. तिसरे वळणही काढावे. कारण नोंदीसाठी द्यावे लागते, म्हणून अर्जदाराने त्या ठिकाणी, मुकादम व पाळणाचालक यांच्या समक्ष, मोठ्याने जे सांगितले ते जसेच्या तसे देत आहे :

"बाबा, तो गर्दीत अडकलेला नाही. तो गेला. दोन पावसाळे झाले. आता तुम्हीही थांबायचं नाही आणि मीही थांबायचं नाही. हात सोडा. चला, आपण दोघं बसू."

रांगेविषयी आता काही मागणे नाही. उत्तर न आले तरी चालेल.

आपली नम्र,
(सही)
अर्जदार, गर्दी अंदाज कक्ष

दिनांक : मंद हंगामाचा पहिला दिवस