पाणी जिथवर

१२ नोव्हेंबर १९६४, मुरबे
पोचलो एकदाचे! पालघरला उतरून सातपाटी, तिथून होडीने खाडीपार. तारापूरला विजेच्या कामावर असलेल्या मेहुण्याने ही खोली ठरवून दिली. अंगणाखाली लगेच खाजण. तिवरांची दाटी, चिखलात उड्या मारणारे निवटे मासे आणि पाखरंच पाखरं! दिवाळीच्या सुट्टीत नगरच्या शाळामास्तराला आणखी काय हवं? सुलूच्या हाती दुर्बीण दिली, तर बाईसाहेबांनी उलटी धरली. ओरडलो. ती नेहमीसारखी हसली.

१३ नोव्हेंबर
जानू होडीवाल्याने सकाळी खाजण फिरवलं. कुदळे, तुतवार, खंड्या, सगळं अगदी हाताच्या अंतरावर. परतताना म्हणतो, मास्तर, भांग हाय तवर फिरा, उधान आला का निंगा. सकाळी सकाळी भांग! नशेबाजाच्या होडीत बायको बसवायची? चार शिव्या घालून हाकलला. बिचकून बघतच राहिला मेला.

१५ नोव्हेंबर
खाडीच्या तोंडाशी एक राखी बगळा उभा असतो. पुरुषभर उंच, पाठमोरा. मासा धरत नाही, उडत नाही. दुसरं पाखरू त्याच्याजवळ फिरकत नाही. चित्र काढायचं तर मान वळवेना. डोकं फिरलं. अंगणातूनच बोंब ठोकली, वळ की मुडद्या! सुलूलाही हाका घातल्या, कुठे मेलीस, लवकर ये, पेन्सिल आण!
तेव्हा वळला. दुर्बिणीतून नीट पाहिलं. चोच नव्हती. तिथे तोंड होतं.

१७ नोव्हेंबर
कोळीण पारू बोंबील घेऊन आली. भांगेचा किस्सा सांगितला, तर पोट धरून हसली. भांग म्हणजे म्हणे लहान भरतीचे दिवस, अष्टमीच्या आसपासचे. पुनवेला उधाण. आणि मी त्या बिचाऱ्या जानूला नाही नाही ते बोललो!
मग हसायची थांबली. म्हणाली, पानी जिथवर चढतं, ते तिथवर येतं, हाक आली तर जाऊ नका. काय 'ते', विचारलं तर पाटी उचलून चालू लागली. कसल्या भाकडकथा! यासाठी सुट्टी मोडू?
पण आज ते तिवरांच्या अलीकडे उभं आहे. पाणीही तिथवरच चढलंय.

१८ नोव्हेंबर
भर दुपारी मी आत दाढी करत होतो. खाजणातून माझाच आवाज आला. सुलू, कुठे मेलीस, लवकर ये! पिठाचे हात तसेच घेऊन सुलू धावली. घोटाभर पाण्यात गाठली तिला. म्हणते, तुम्हीच तर बोलावलंत.
माझा आवाज चोरतो, हलकट! दगड फेकले. हललंसुद्धा नाही. निघायचं आता. बोईसरला जायला बैलगाडी सांगितली, तर गाडीवाला परवा सकाळी मिळेल म्हणतो. परवा! इथे आमच्या जिवावर उठलंय आणि ह्याला परवा!

१९ नोव्हेंबर, पौर्णिमा
गाडी आजच मिळते का पाहायला गावात गेलो. नको होतं जायला. परत आलो तर अंगणात पाणी, दार सताड उघडं. सुलू पुढे, कमरेएवढ्या पाण्यात. तिवरांआडून माझा आवाज तिला झापत होता. मी ओरडलो. तोही ओरडला. तेच शब्द, तोच घसा. ती मध्येच थांबली, कोण खरा कळेना तिला.
मग सुचलं — त्याला गोड बोलता यायचं नाही. माझ्याकडून ऐकणार कुठून? हळूच म्हटलं, सुले, राणी, ये गं इकडे—
तिने वळून पाहिलंसुद्धा नाही. कानांवर हात ठेवले. अहो, ते मला फसवतंय, अहो धावा, असं रडत ओरडत त्या शिव्यांकडे पळाली—
बुडेपर्यंत दिसत होती.

२० नोव्हेंबर
गाडी आली. परत पाठवली. तिला इथे टाकून जाऊ? ये म्हणावं आता, मलाही ने! सकाळपासून ओरडतोय. घसा बसला —

भर दुपार. पाणी उंबऱ्याला. पुढे दोन उभे. एक उंच, एक ठेंगणा —

पाणी आत. वही भिजतेय —
सुलूचा आवाज. शिव्या देतेय. माझ्याच शिव्या, तिच्या तोंडून. कुठे मेलात, किती हाका मारायच्या — लग्न झाल्यापासून कधी आवाज चढवला नाही तिने —
आलो गं. आलो. ओरडू नकोस, मी —